बटाट्याचा पाठ

रविवारी रात्री चुलीत ओलं लाकूड धुमसतं
आणि एदुविना कार्कामो तक्ता भरायला बसते.
सहा रकाने, प्रत्येकाच्या डोक्यावर एक क्रियापद:
आठवा, समजून घ्या, वापरा,
फोडून पाहा, पारखा, घडवा.
कागद कास्त्रोच्या कचेरीतून आलेला.
तळाशी शिक्क्यासाठी जागा.

विषय, बटाटा.
पहिल्या रकान्यात ती लिहिते:
मुलं बेटावरच्या पाच बटाट्यांची नावं सांगतील.
दुसऱ्यात: कोंब कुठून फुटतो ते सांगतील.
इथवर हात सरसर चालतो.
तिसऱ्याशी पेन अडतं.
बाहेर भरती धक्क्याच्या खांबांना लागलेली.

अब्दोन लेपिओ, वय नऊ.
पाचातलं एक नाव धड येत नाही त्याला,
'तो जांभळा', 'तो वाकडा', एवढंच.
मंगळवारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
न बघता त्यानं तीन बटाटे बाजूला ठेवले.
"हे बेण्याला नकोत."
का रे?
"हलके लागतात."
तिनं सुरी घेतली.
दोन आतून काळे.
तिसरा ठणठणीत, पांढराशुभ्र,
आणि अब्दोन त्या तिसऱ्याकडेच बघत राहिला.
"मग माझं चुकलं कुठं?"

हे आता कुठल्या रकान्यात घालायचं?
प्रशिक्षणात सांगितलं होतं, एकेक पायरी चढवा.
हे पोर शिडीच्या मधल्याच दांडीवर बसलंय
पाय हलवत,
खालच्या दोन दांड्या कोऱ्या करकरीत.

तिच्या लहानपणी मामाचं घर हलवलं होतं,
अख्खं, ओंडक्यांवरून, बैलांच्या सहा जोड्या लावून,
चिखलातून पार समुद्रापलीकडे.
मामी आत स्टोव्हजवळ उभी होती, किटली धरून,
आणि वाटेत कुणीतरी खिडकीतून चहा मागितला होता.

घर सरकतं, तर रकाना का नाही?

ती पहिल्या ओळीवर काट मारते.
चौथ्यात लिहिते: तिसरा बटाटा चांगला का निघाला?
तिथून एक बाण मागं,
पहिल्याकडे, वेडावाकडा:
नावं लागतील तेव्हा विचारतील.
'घडवा'खाली काहीच सुचत नाही.
ते तसंच राहू दे.

सकाळच्या होडीनं कागद जाईल.
शिक्का पडेल, नाहीतर लाल शेरा.

निजण्याआधी ती पोत्यातून दोन बटाटे काढते,
डोळे मिटून एकेका तळव्यावर तोलते.
पुन्हा तोलते, हात बदलून.
सातवा रकाना नाही तक्त्यात,
असता तर लिहिलं असतं:
बाईंना अजून येत नाही.