रिकामं जातं

डुलुथला, तलावाकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर
पोलिसांच्या गाड्यांचं गॅरेज आहे.
तिथे मी सत्तावीस वर्षं बोल्ट आवळतो.
नाव आर्विड. हात कितीही धुतले तरी नखांत तेल.

लोकांना वाटतं, पोलिसांची गाडी पळते.
पळते कुठली! उभी असते.
बारा तासांच्या पाळीत सात-आठ तास उभी,
आणि उभ्या उभ्या इंजिन चालू:
रेडिओसाठी, छतावरच्या दिव्यांसाठी,
गुडघ्याला टोचणाऱ्या त्या संगणकासाठी,
मागच्या पिंजऱ्यातल्या कुत्रीला थंडी वाजू नये म्हणून.
दाणा नाही, पीठ नाही,
रात्रभर फिरतंय रिकामं जातं.

जानेवारीत सकाळी कळायचं, रात्री कोण कुठे थांबलं होतं.
बर्फावर हातभर काजळ,
जणू रस्त्याला दृष्ट लागू नये म्हणून कुणी लावलेली तीट.
सगळ्यात मोठी तीट शाळेच्या कोपऱ्यावर.

त्या शाळेतल्या नर्स, सॉल्वेग बाई,
एकदा थेट गॅरेजात आल्या.
पिशवीतून दम्याचे पंप काढून माझ्या बाकावर मांडले,
नऊ पंप, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव.
म्हणाल्या, यांचं काय करता?
मी म्हटलं, बाई, मी ऑइल बदलतो.

हे उत्तर मला अजून चावतं.

यंदा नवी गाडी आली. विजेची.
तिला हिरवी म्हणतात, रंग काळा-पांढराच.
वीज कुठून येते ते मला विचारू नका,
टेकडीपलीकडचं धुराडं मलाही दिसतं.
पण शाळेच्या कोपऱ्यावर तरी नाही ना, म्हणालो,
आणि कामाला लागलो.
जुनिपर कुत्री दाराशी आली, हुंगली, बसून राहिली.
अंगाखाली थरथर नाही तर ही गाडी कसली?
तिला उचलून आत ठेवावं लागलं, पस्तीस किलो.

तीन महिने बैठका चालल्या होत्या.
अक्षरं किती उंच, चांदणी कुठे,
कडाक्याच्या थंडीत बॅटरी किती तग धरेल,
पुढे धडक द्यायची लोखंडी चौकट बसेल की नाही.
मागच्या सीटबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.
ती जुन्याच साच्यातली, कडक प्लास्टिकची,
नळी मारून धुता येईल अशी.
दारांना आतून कडी नाही.

प्रत्येक नव्या गाडीत मी एकदा मागे बसतो.
दार आतून उघडत नाही ना, हे बघायला.
पोऱ्या बाहेरून लावतो, मी ढकलतो, तो उघडतो.
या वेळी गॉर्डीने दार लावलं
आणि त्याला फोन आला, तो बोलत बोलत बाहेर गेला.

मी बसलो.
गाडी चालू होती म्हणे. काही ऐकू येईना.
मग ऐकू आलं: कुणीतरी श्वास घेतंय, जोरात, तोंडाने.
जाळीच्या पलीकडे कुणी नव्हतं.
बराच वेळ लागला मला ओळखायला.

आठवड्याने रात्रपाळी करून हॅस्केल आला.
चार्जर लावला, कॉफी घेतली, गेला नाही.
म्हणाला, काल मागे एक पोरगा होता, एकोणीसचा असेल,
रडत होता, पूर्ण रस्ताभर.
अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, आधी रडत नव्हते?
तो कपाकडे बघत राहिला.
इंजिन होतं ना, म्हणाला.

तो गेल्यावर मी मागचं दार उघडलं,
सीटचं माप घेतलं: लांबी, उंची, पाठीचा कोन.
कशासाठी, ते अजून ठरलेलं नाही.
बाहेर बर्फ पडत होता.
गाडीच्या मागे तो पांढराच राहिला.