पुठ्ठ्याची कार्डं

पाचव्या दिवशी पाणी येतं आमच्या बोळात,
पहाटे साडेतीनला, कधी चारला.
त्या रात्री झोपायचं नसतं.
मोरीत पिंप, पिंपात नळी, नळीत नुसती हवा,
आणि मांडीवर पुण्याच्या कंपनीचं काम.
सोलापूरचा एप्रिल. पत्र्याखाली लॅपटॉपचा पंखा
माझ्याआधी धापा टाकतो.

माळ्यावर जकार्डाची कार्डं आहेत.
माग विकला तेव्हा भंगारवाल्यानं लोखंड तोललं,
कार्डांकडे बघून म्हणाला, पुठ्ठा कशाला.
दोऱ्यात ओवलेली, एकामागून एक,
मोराच्या चादरीची तीनशे बारा.
नान्ना अजून ती बोटांनी वाचतात.
मल्लेशम गुर्रम, वय एकाहत्तर,
डावा कान मागाला देऊन टाकलेला.
"भोक असलं की दोरा वर,
नसलं की खाली.
बिड्डा, तुझं काय वेगळं आहे?"

काही नाही, मी म्हणते.
फक्त आम्ही भोकं मोजत नाही.

ते ऐकू आलं त्यांना, उजव्या कानानं.
मग सांगत बसले: मोर अर्धाच पाडायचा,
उरलेला अर्धा तीच कार्डं उलटी फिरवून.
पंचिंगला पैसे पडायचे, पुठ्ठ्याला पैसे पडायचे,
भोक चुकलं तर वर कागद चिकटवायचा,
कार्ड फेकायचं नाही.
एक ठिगळ दाखवलं. शहाऐंशी सालचं.
अजून निघत नाही.

समोरची येल्लूबाई विड्या वळते.
तिचा फोन रबर लावून बांधलेला,
तंबाखूच्या वासाचा.
सोमवारी सूप बाजूला ठेवून आली,
"बचत गटाचं उघडत नाही गं.
हे वाच, काय म्हणतंय."
आपले उपकरण समर्थित नाही.
"समर्थित म्हणजे?"

ते वाक्य माझं होतं.
मीटिंगमध्ये ठरलं होतं, जुने फोन सोडून द्यायचे.
सगळ्यांनी ओके लिहिलं, मीही लिहिलं,
जेवता जेवता, डाव्या हातानं.

"म्हणजे नवा घ्या," मी म्हणाले.
"याला काय झालंय?"
फोन उलटासुलटा करून दाखवला तिनं,
बाजारात वांगं दाखवतात तसा.

त्याला काहीच झालेलं नव्हतं.

तेव्हापासून रात्री उसवत बसले आहे.
उघडताना उमलणारं कमळ काढलं.
पडणारी नाणी काढली, खणखणाटासकट.
एका बेरजेसाठी कुणीतरी अख्खं गोदाम जोडलं होतं,
ते सोडवलं, बेरीज हातानं लिहिली.
दोन पडदे सारखेच होते: एक ठेवला,
दुसऱ्या जागी तोच उलटा फिरवला.
एकशे चाळीस एमबीचे अकरा झाले.
पुण्याहून विचारणा आली: हे कुणी मागितलं होतं?
अजून उत्तर दिलेलं नाही.

येल्लूबाईचं मोजमाप वेगळं.
"आधी उघडेपर्यंत एक विडी वळून व्हायची,
आता पान दुमडतेय तोवर उघडतं."
एवढं बोलून ती परत सुपाशी.

चार वाजता नळी खोकली.
पाणी आलं, आधी गढूळ, मग बरं.
चाळीस मिनिटं. पिंप, घागरी, बादल्या,
शेवटी पातेलीसुद्धा.
माझ्या घरात किती कळशा पाणी आहे
मला झोपेतही सांगता येतं.
ते सर्व्हर कुठल्या गावात आहेत,
त्यांना थंड ठेवायला कुणाच्या पाळीचं पाणी जातं,
माहीत नाही. कधी विचारलंच नव्हतं.

नळ बंद केला.
मग आठवलं, तिकडे माझी एक चाचणी
शुक्रवारपासून उगाच चालू आहे,
दर मिनिटाला स्वतःलाच विचारतेय, आहेस का, आहेस का.
ओल्या हातानंच ती बंद केली.

नान्ना म्हणाले, "काय झालं?"
"काही नाही. गळत होतं."