हद्दीच्या खालून

तेहतीस वर्षं भूमापनात काढली मी.
साखळी, फीता, निशाणीचे दगड, नकाशाच्या गुंडाळ्या.
उमरेडपासून सावनेरपर्यंत जमीन मोजली,
मूठभर उचलून हुंगली मात्र कधीच नाही.
ते माझं काम नव्हतं.

निवृत्त झालो आणि मानेवाड्यातल्या या प्लॉटवर
घरामागच्या अकरा बाय सात फुटांत
भेंडी लावायला घेतली.
पहिल्याच घावाला कुदळ टणकन वाजली.
खाली मलमा, फुटके कवेलू,
कान तुटलेला एक कप,
आणि वरची काळी माती तडकलेली,
जणू कोणी आधीच तिचे गट पाडून ठेवले होते.

भेंडी वीतभर आली आणि थांबली.
"माती उपाशी आहे काका," लांजेवारांची प्रांजली म्हणाली.
कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे ती.
दोन दिवसांनी श्रीखंडाच्या डब्यात
ओल्या शेणात लपेटून
पावभर गांडुळं घेऊन आली.
बायको दारातूनच ओरडली, "घरात नको आणू बाप्पा ते!"
म्हणून जुन्या कूलरची लोखंडी टाकी काढली.
तळाला नारळाच्या शेंड्या, वर जुने पेपर,
शेण, पालकाची देठं, चहाचा चोथा,
आणि झाकायला ओलं गोणपाट.

संत्र्याची साल घालायची नाही, प्रांजलीनं बजावलं.
आता बोला!
नागपुरात राहायचं
आणि संत्र्याचं वावडं.

रोज सकाळी गोणपाट उचलायचो.
डोळे नाहीत, पण उजेड कळतो त्यांना.
कोण पुढं सरकलं, कोण मागं फिरलं,
मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.
मी, ज्यानं बांध पाहून कोनशिला ओळखल्या.
महिन्याभरात वर काळे दाणे दिसू लागले,
चहापत्तीसारखे.
तेव्हा हुंगली माती. पहिल्यांदा.
वास कशासारखा, ते नाही सांगता येत.
वाईट नव्हता.

मग नवतपा लागला.
पारा सेहेचाळीसवर, दुपारी गल्लीत कुत्रंही नाही.
एक दिवस गोणपाट उचललं तर खाली कोणीच नाही.
टाकीच्या कोपऱ्यात, गंज खाल्लेल्या जागी
बोटभर भोक.
मी तिथंच बसलो, उन्हात,
कोणी न सांगता घर सोडून गेल्यासारखा.

"साहेब, तुमचे लोक आले जी इकडं."

भिंतीवरून तितरमारे.
अकरा वर्षं बोललो नव्हतो आम्ही.
सहा इंच. त्यांची भिंत माझ्यात सहा इंच आली आहे,
हे मीच काढलं होतं, माझ्याच फीत्यानं,
आणि ते चूक नव्हतं, आजही नाही.
त्यांच्या कूलरचं पाणी ठिबकतं, तिथं वांगी आहेत.
वांग्यांच्या बुडाशी गारव्याला
सगळी मंडळी जमली होती,
पायाखालून, विटांच्या फटीतून,
कोणाची परवानगी न घेता.

तितरमारेंनी डबा पुढं केला. "मोजून घ्या.
तुम्ही तं मोजल्याशिवाय घेत नाही."
मी झाकण उघडलं, पुन्हा लावलं.
म्हटलं, "राहू द्या काही तिकडंच."
"ते तं राहूनच राहिले," ते म्हणाले,
आणि हसले की काय, भिंतीआड दिसलं नाही.

भिंत तिथंच आहे. सहा इंचही.
भेंडी मात्र माझ्या कमरेपर्यंत आली,
आणि मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत जातं.

परवा पाहिलं, तितरमारेंच्या दाराशी
संत्र्याच्या साली वेगळ्या ठेवलेल्या, पिशवीत.
यांना कोणी सांगितलं? मी तर नाही.
बायको तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"मी सांगितलं. अन् तिचं विरजण
इतकी वर्षं कुठून येते वाटलं तुम्हाला?"