तळहात

बाद्रीला म्हटलं, तळहात वर कर,
सुटे पैसे घेतोस ना, तसा.
हात पोटाशीच राहिला,
कुणी आतून कडी घातल्यासारखा.

तीन आठवडे तेलावीत सगळे म्हणत होते
खांदा आखडलाय, शेक द्या.
समोरून काढलेल्या एक्स-रेत काही नव्हतं.
म्हणजे हाडाचं डोकं गोल दिसत होतं, बल्बसारखं,
पण बल्बकडे कोण निरखून बघतं?
मी काखेतून दुसरा काढायला लावला.
कळसा तिथेच होता, आम्ही गावभर फिरलो.
खांद्याचा गोळा मागे सरकलेला,
रुसून मागल्या दारी बसलेल्या पोरासारखा.

त्सिआला दाराशी उभी. बाहीला पीठ.
"पहाटे भट्टीजवळ पडला. हात आपटायला लागला.
मी दोन्ही हातांनी दाबून धरला,
भट्टीत जाऊ नये म्हणून.
मीच निखळवला ना?"

एवढं वाक्य तिने
तीन आठवडे पिठाबरोबर मळलं असणार.

नाही, म्हटलं.
झटक्यात सगळे स्नायू एकदम ओढतात,
आत वळवणारे दांडगे, बाहेर वळवणारे किरकोळ.
रस्सीखेच, आणि दोन्हीकडे तोच.
पुढच्या वेळी मात्र दाबू नका.
भट्टीपासून लांब ओढा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा.

"पुढच्या वेळी" ऐकून
दोघांनी एकाच फरशीकडे पाहिलं.

भुलीसाठी उपाशी ठेवला होता,
तरी झटक्याची गोळी घोटभर पाण्याबरोबर
मी स्वतः दिली. ती चुकली
तर आमची सगळी ओढाताण मिनिटात वाया.
दोघांनी मिळून ओढलं.
मला वाटलं होतं, कट् वाजेल.
आला तो ओल्या कणकेचा आवाज,
दबका.

मग सहा आठवडे पट्टा,
कोपर अंगापासून जरा दूर,
जणू काखेत गरम पाव धरलाय.
भट्टीत वाकायचं कधी, तो विचारायचा.
मी गोळ्यांच्या वेळा पुन्हा लिहून द्यायची.
मी काय टाळलं ते त्याला कळायचं.

काल आले. पाव आणला होता,
होडीच्या आकाराचा, एका टोकाला करपलेला.
"खालच्या भिंतीला माझा हात पुरत नाही अजून,"
त्सिआला म्हणाली. मनगटावर भाजल्याची नवी खूण.

निघताना तोच थांबला. बघा, म्हणाला.
तळहात अर्धाच उघडला.
एखादं नाणं मावलं असतं त्यात,
उभं.