डावं दार

डिचोलीत आमच्या फियाटचं डावं दार
अकरा वर्षं फक्त बाहेरून उघडायचं.
मी इंजिन बंद करायचो, वळसा घालायचो,
हँडल किंचित वर उचलून मग ओढायचो.
शालन उतरायची, पदर सावरत.
बाजारात कौतुक व्हायचं: बायकोला कसा जपतो बघा.
खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

काल इनासनं आतलं पॅनल काढलं.
दोन क्लिपा तुटल्या, तुटणारच होत्या.
आत खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ,
ग्रीसची काकवी होऊन थिजलेली,
तळाशी चोडणच्या फेरीचं तिकीट,
आणि कपाटाची ती किल्ली
जिच्यापायी आम्ही आठ दिवस अबोला धरला होता.

मी सळीला हिसका द्यायला गेलो.
"बळ नाका, सायबा," तो म्हणाला, "तेल जाय."
रॉकेल, दातांचा जुना ब्रश,
नखाएवढी नवी स्प्रिंग.
दीडशे रुपये. किल्ली मी खिशात घातली.

आज देवळापाशी गाडी थांबवली,
सवयीनं वळसा घेतला,
बोनेटपर्यंत पोचलो तोच
टक्,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं.
शालन बाहेर. चपलेतला खडा झटकत.
माझा हात अर्ध्यावर होता, तो
बोनेटवर ठेवला, तापलंय का बघितल्यासारखा.

परतताना ती दाराशी येऊन उभी.
दोन्ही हात मोकळे, तरी हँडलला लावेना.
"आतून उघडतं म्हणून," ती म्हणाली,
"बाहेरून बिघडलं की काय?"