आठ दिवस

रूबेन म्हणतो, ई मायनर सोपा,
दोनच बोटं.
दोनच बोटं, तरी शेजारची तार
ठसका लागल्यागत.

सुभाषनगरात, भिजत घातलेल्या कातड्याशेजारी
गिटार मांडीवर घेऊन बसतो.
आरी चालवणारा उजवा हात तयार आहे.
डाव्यानं आजवर नुसती चप्पल धरली.

जीवरून सीवर जाताना बोटं
रंकाळ्यावर चुकामूक झालेल्या पाहुण्यांसारखी
एकेक करून येतात.
तोवर रूबेनचा पाय चार मोजून मोकळा.

गिऱ्हाईक विचारतं, नवी चावंल काय?
चावंल आठ दिवस, मी सवयीनं सांगतो,
तेल लावा, मग पाय विसरंल.

रात्री दिव्याखाली
बोटांवरच्या खाचा बघतो.
चप्पल मऊ होते
का पाय निबर,
हे कुणी विचारलं नव्हतं.