एक्क्याऐंशी

तिकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे,
मिठाच्या बाटलीखाली दाबलेलं,
जणू उडून जाईल.
नाव : वेल्डा स्टिल्टनर.
मर्यादा : पंचावन्न. वेग : एक्क्याऐंशी.
आणि खाली तिरक्या अक्षरात,
त्या पोरसवदा पोलिसाच्या हातचं,
'बेदरकार'.

हा शब्द मला आजवर
कुणी दिला नव्हता.

एकोणीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवते मी,
क्लिंच नदीच्या कडेकडेनं,
बंद खाणीच्या फाटकापासून वर डोंगरात.
पस्तीसच्या पुढे काटा नाही.
मागच्या बाकावरून ब्रॅन्सनांचा धाकटा ओरडतो,
"वेल्डा, कासव पुढे गेलं बघ!"
मुलं हसतात.
आरशात मीही.

व्हर्जिनियात हा नुसता दंड नव्हे, गुन्हा.
पैसे भरून मोकळं होता येत नाही.
शिक्का बसला की बसची किल्ली परत.

"दीड हजार डॉलर," म्हणाले वकील हॉबर्ट कायझर,
"अर्धे आधी."
दीड हजार माझ्याकडे आहेत, बिस्किटांच्या डब्यात,
तळघरातल्या भट्टीसाठी,
जी गेल्या हिवाळ्यापासून खोकतेय.

बहीण इमोजीन फोनवर :
"एकटीच जा. केस नीट विंचर. जजसमोर थोडी रड.
तुझं रेकॉर्ड धुतल्या तांदळासारखं."
शेजारचा व्हर्लिन कुंपणावर कोपर टेकून :
"माझा पुतण्या गेला होता वकिलाशिवाय.
आता सासरा त्याला कामावर सोडतो."
वडील असते तर म्हणाले असते,
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
पायरीचं नंतर बघू, बाबा,
पाय आधीच पडून गेलाय.

कायझरसाहेबांनी पेनचं टोपण काढलं.
"कारण काय होतं?
दवाखाना? कुणी आजारी?
रस्ता अनोळखी होता का?"
एकेक कारण पुढे ठेवत होते,
दुकानदार चपला ठेवतो तसं.
बसेल ते घ्या.

"गाडीचा काटा तपासून आणा.
पाच-सात मैलांनी खोटा निघाला
तर फारच बरं."
नेली. गॅरेजवाल्या ओकीनं चाकं रुळांवर फिरवली
आणि कागद हातात दिला :
काटा बिनचूक.
सोळा वर्षांची जुनी गाडी, दार दोरीनं बांधलेलं,
आणि खरं बोलते.
वाईट वाटायला हवं होतं मला.
बरं वाटलं.

कारण, कारण काही नव्हतंच.
रविवार. दुपारचे चार.
लांबलचक उतार, पुढे कुणी नाही,
मागची सीट रिकामी.
रिकामी आहे हे मला कळायच्या आत
पायाला कळलं.
साठ. सत्तर.
केसांतली पिन खिडकीतून गेली.
पंचाहत्तरला मी कुणाचीच कुणी नव्हते.
एक्क्याऐंशीला मी ओरडले, मोठ्यानं,
शब्द असा नव्हता तो.
मग आरशात निळा दिवा.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

रात्री डबा उघडून नोटा मोजल्या.
दोनदा मोजल्या.
कमी भरल्या असत्या तर
ठरवायचं तरी वाचलं असतं.
खाली भट्टी खोकली.
उद्या सकाळी सहाला थांब्याथांब्यावर
बत्तीस मुलं उभी असतील,
ब्रॅन्सनांचा धाकटा पायमोज्यांशिवाय.

साडेसातशे पाकिटात घातले.
पाकिटावर कायझरसाहेबांचं नाव, खाली एक ओळ :
शिक्षा कमी करा, जमलं तर शब्दही हलका करा.
काटा खोटा होता
असं तेवढं म्हणू नका.